चौथ्या तोंडाची नोंद

चाचा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू. तरी आपण दोघांनी मिळून एक अख्खा नकाशा केला. तुम्ही बोलायचं, मी लिहायचं, आणि संध्याकाळी लिहिलेलं सगळं मी तुम्हाला वाचून दाखवायचं. तेव्हा हे पत्रही मी वाचून दाखवतेय असं समजा. फरक एवढाच की तेव्हा तुम्ही मधेच हात वर करून म्हणायचात, "रुको बेटी, ये ऐसा नहीं था," आणि मला खोडरबर काढावं लागायचं. आज मला थांबवणारं कोणी नाही, म्हणून मीच जपून लिहितेय.

तुम्ही जाऊन पस्तीसेक वर्षं झाली. हर्सूलच्या पुढचं आपलं खोरं आता शहरातच जमा झालंय. बसवरची शहराची पाटी बदलली, तशी खोऱ्यात शिरायच्या वाटेवर कमान आली, कमानीखाली पहारेकरी आला, आणि कमानीच्या आत एका रंगाची साठ-सत्तर घरं. तीन बाजूंचे डोंगर मात्र जागेवर आहेत. पळस फुलतो, उतारावर सीताफळीची झुडपं तशीच वेडीवाकडी आहेत, आणि धावड्याच्या झाडीतून सकाळी मोर ओरडतात. रो-हाउसमधले लोक त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नातेवाइकांना पाठवतात. तुम्ही असता तर हसला असतात. तुम्हाला मोराचा राग होता, कारण तो नहरीच्या तोंडावर बसून आत घाण करायचा.

मी नगरपालिकेत नवी नवी अनुरेखक, म्हणजे नकाशे उतरवणारी, म्हणून लागले होते. तेविसाव्या वर्षी, पिशोरहून आलेली, शेतकऱ्याघरची पहिली नोकरीवाली पोर; मान ताठ असायची. नगरपालिकेला यादी हवी होती की जुन्या नहरीच्या कुठल्या शाखा अजून जिवंत आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या मुरमातलं पाणी जमिनीखालच्या दगडी भुयारात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहरात न्यायचं, हे काम कुण्या हबशी वजिरानं करून ठेवलं, मग मुघल त्यावर जगले, मग निजाम, मग आपण. पण भुयार कुठून कुठं जातं ते कागदावर कुठंच नव्हतं. ते तुमच्या पायांत होतं. तुमचे वडील नहरवाले, आजोबा नहरवाले. साहेबांनी मला तुमच्या हवाली केलं आणि म्हणाले, हे रिटायर व्हायच्या आत यांच्याकडून सगळं काढून घ्या. तुमच्या देखतच म्हणाले. तुम्ही नुसते पान चघळत राहिलात.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला झापलं होतं, आठवतं? खोऱ्याच्या वरच्या अंगाला, पाटलाच्या मळ्यात नहरीचं पहिलं तोंड. विहिरीसारखं, पण अरुंद, दगडानं बांधलेलं. आत हवा जावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून ठेवलेलं. मी टेप आणि वही घेऊन सरळ त्याच्याकडे निघाले. तुम्ही मागून गरजलात, "कायकू भागरी? पहले घर, फिर पानी!" मला कळेना की सरकारी कामाला कुणाच्या घरी कशाला जायचं. तुम्ही मला ओढूनच मळ्यात नेलंत, ओसरीवर बसवलंत, चहा होईपर्यंत पाण्याचा विषयच काढला नाहीत. मग म्हाताऱ्या पाटलांना विचारलंत की उद्या सकाळी तोंडावर तुमच्या घरचं कोण उभं राहील. तेव्हा मला तुमची रीत कळली. नहरीची तपासणी करायची तर प्रत्येक तोंडावर, त्या तोंडाला सगळ्यांत जवळचं जे घर असेल, त्या घरचा माणूस उभा राहिला पाहिजे. मग ते घर पाटलाचं असो, धनगराचं असो, दर्ग्याच्या मुजावराचं असो. सरकारी माणसाच्या डोळ्याला तुमच्या लेखी काही किंमत नव्हती. "मैं कल मर जाऊंगा," तुम्ही म्हणालात, "घर तो यहीं रहेगा."

आणि तपासणी तरी कशानं, तर करडईच्या फोलपटांनी. घाण्याजवळ पडलेली पांढरी फोलपटं पोतंभर आणायची, वरच्या तोंडातून पाण्यात सोडायची आणि खालच्या तोंडावर वाट बघत बसायची. फोलपटं तरंगत आली तर दोन्ही तोंडं एकाच नहरीवर. नाही आली, तर खालच्या तोंडातलं पाणी म्हणजे नुसता पाझर, नहरीशी त्याचा संबंध नाही. मी कॉलेजात शिकलेली. मला हे पोरखेळासारखं वाटलं आणि मी तसं बोललेही. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी बांबूच्या कडीला जुन्या मलमलीचं फडकं शिवून केलेली एक चाळणी माझ्यासाठी घेऊन आलात, दोरीनं आत सोडायची. म्हणालात, आता हा तुझा खेळ. पाणी भुयारात चालायचं अगदी सावकाश. एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत दोन दोन, तीन तीन तास. त्या तासांत मी ते खोरं पाहिलं. धनगरवाड्यातल्या बाईनं मला घोंगडीची लोकर कशी पिंजतात ते दाखवलं, आणि दुपारी ताकात भाकरी कुस्करून दिली. दर्ग्याच्या हौदावर उरुसाला पहिलं पाणी पाटलाच्या घरची बाई भरते आणि नवरात्रात पाटलाच्या घटाची माती दर्ग्यामागच्या शेतातून येते, हेही तिथंच कळलं. कुणी कुणाला उपकार म्हणून हे करत नव्हतं. एका पाण्यावर होते, एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगते. खोऱ्याच्या तोंडाशी वीटभट्टीवर काम करणाऱ्यांची वस्ती होती, तिथं चौथं तोंड. मार्च महिना, ऊन चढलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडावर फोलपटं आली होती, घरोघरची माणसं "आली, आली" म्हणून ओरडली होती, तुम्ही खुशीत होतात. चौथ्या तोंडावर गेलो तर वस्तीत चिटपाखरू नाही. सगळे एका लग्नाला गेलेले. तुम्ही म्हणालात, "नक्को, कल करेंगे. घर का आदमी नहीं." पण मला उद्या जमणार नव्हतं. उद्या पिशोरला मला बघायला पाहुणे येणार होते, आणि त्या संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर आईनं मला उभी चिरली असती. मी हट्टाला पेटले. म्हटलं, चाचा, मी थांबते ना इथं, माझ्यावर भरवसा नाही का? तुम्ही म्हणालात, हौ, ठीक, पण हा टप्पा लांबचा आहे. असरची अजान होऊन गेली तरी उठायचं नाही, मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत बसायचं. आणि तुम्ही तिसऱ्या तोंडावर पोतं रिकामं करायला गेलात.

मी साडेचारला उठले, चाचा. चाळणीत काही नव्हतं. तुम्ही सांगितलेल्या वेळेला अजून दोन तास होते, हे मला पक्कं माहीत होतं. मी वहीत लिहिलं, "चौथे तोंड: पाझराचे पाणी. वरच्या नहरीशी संबंध नाही." आणि धावत हर्सूलच्या फाट्यावर जाऊन बस पकडली. सोमवारी तुम्ही विचारलंत, "खुद देखी? आखिर तक?" मी हो म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा हो म्हटलं, जरा चिडूनच. तुम्ही कागदाखाली उर्दूत सही केलीत, डावीकडे झुकणारी. ज्याच्यासाठी मी धावले त्या मुलाकडून तिसऱ्या दिवशी नकार आला. उंची कमी म्हणे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात, पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. रोज ठरवायचे की आज सांगू. मग तुम्ही रिटायर झालात, मग बेगमपुऱ्यातल्या तुमच्या घरी ईदेला येऊन शीरखुर्मा खाऊन गेले, तेव्हाही नाही सांगितलं. मग तुमच्या जाण्याची बातमी आली आणि मला रडू आलं ते सगळंच तुमच्यासाठी नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात धनगरवाड्यातली तीच बाई माझं घर शोधत आली. आता ती म्हातारी झालीय, शेरडं वीस-पंचवीसच उरलीत, सून भट्टीवर जाते. हातात नोटिशीची झेरॉक्स. म्हणाली, "बाई, त्या खालच्या तोंडात मुरूम टाकून बुजिवणार हायेत. वरून रस्ता काढायलेत. आमची जनावरं उन्हाळ्यात तिथंच पित्यात, वस्तीवाल्या बाया तिथलंच पाणी वापरत्यात. म्हनं ती नहरच न्हाई, खड्डा हाय. तुमी तर तवा चाचासंगं हिंडत व्हता. खरं काय ते सांगा की." नोटिशीला आधार म्हणून एक जुना कागद जोडला होता. अक्षर माझं. सही तुमची. मी तिला पाणी द्यायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला माझी लाज वाटली. बाहेर येऊन तिला एवढंच म्हटलं, "पुन्हा फोलपटं सोडायची. मार्चमध्ये. तोवर कुणाला बुजवू द्यायची नाही."

गुडघे दुखतात, चाचा, पण त्या दोन महिन्यांत मी खोऱ्यातलं एक घर सोडलं नाही. तुमच्याच रीतीनं गेले, आधी घर. म्हाताऱ्या पाटलांचा नातू मळ्यात लग्नाचं लॉन चालवतो, तो म्हणाला, "मावशी, कोन उभं राहतं आजकाल, कॅमेरा लावून देतो ना." मी म्हटलं, कॅमेरा तुझ्या घरचा नाही, तू आहेस. मुजावरांच्या सुनेनं लगेच होकार दिला. तुमची नात बेगमपुऱ्यात शिवणकाम शिकवते, तिला नुसतं कळवायला म्हणून गेले तर तिनं क्लासला सुट्टी दिली आणि म्हणाली, "खाला, मैं भी आतूं. दादा का काम है." चौथ्या तोंडाशी मात्र खरी पंचाईत होती. वस्ती आता थोडी सरकलीय. तोंडाला सगळ्यांत जवळचं घर म्हणजे रो-हाउसच्या कुंपणालगतचं पहिलंच, आणि त्या घरच्या गृहस्थानंच डासांची तक्रार करून तो खड्डा बुजवा म्हणून अर्ज केला होता. लातूरकडचा मुलगा, वाळूजच्या कंपनीत इंजिनीअर, घरात लहान बाळ. त्या बाळाला डेंग्यू होऊन गेला होता, त्यामुळे तो भांडखोर आहे असंही मला म्हणता येईना. सगळे म्हणाले, त्याला सोडा, वस्तीतलं कुणीतरी उभं करू. मी ऐकलं नाही. रीत म्हणजे रीत. तीन वेळा गेले. पहिल्यांदा त्यानं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं चहा दिला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकू, नाही आलं काही, तर तुम्ही पुन्हा येणार नाही ना?" म्हटलं, नाही येणार, आणि बुजवायला पहिलं घमेलं मी टाकीन. मग तो तयार झाला.

सकाळी आठला पाटलाच्या मळ्यात फोलपटं सोडली. दहाच्या सुमाराला धनगरवाड्यातून म्हातारीची हाक आली, "आल्याती वो!" एक वाजता दर्ग्यावर, तिसऱ्या तोंडाशी. तिथं तुमच्या नातीनं पोतं रिकामं केलं आणि मी चौथ्या तोंडावर जाऊन बसले. चाळणी इंजिनीअरच्या हातात दिली होती; तो ऑफिसचे फोन घेत घेत दोरी ओढायचा, बघायचा, पुन्हा सोडायचा. वस्तीतल्या दोघी बाया शेजारी बसून त्याची गंमत करत होत्या, "साहेब, मासा लागला का?" साडेचार वाजले. चाळणी रिकामी. एक बाई म्हणाली, "नाय येत आता, जाऊ द्या बाई, चहा घ्या." मी म्हटलं, मी उठणार नाही. पाच वाजले, असरची अजान होऊन गेली, बगळे परतायला लागले. इंजिनीअर म्हणाला, "काकू, थांबायचंय अजून?" मी म्हटलं, थांबायचंय. पावणेसहाच्या सुमाराला त्यानं दोरी ओढली, फडक्याकडे बघितलं, फोन कानावरून खाली आला. चार होती पहिल्यांदा. मग मूठभर. मग पाण्यावर वरपर्यंत पांढरी साय आल्यागत सगळीकडे फोलपटंच फोलपटं. त्या बाया ओरडल्या, कुंपणापलीकडून पोरं धावली, आणि तो मुलगा आपल्या बायकोला हाका मारत सुटला, "अगं, बाळाला घेऊन ये, बघ, बघ काय आलंय!" चारी तोंडांच्या माणसांनी कागदावर सह्या केल्या, म्हातारीनं अंगठा दिला. इंजिनीअरनं सही करून वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं की तक्रार मागे घेतो, तोंडावर जाळी बसवावी.

काल नोटिशीवर सुनावणी झाली. साहेब बाई होत्या, तरुण, कागद नीट वाचणाऱ्या. सह्या बघितल्या, इंजिनीअरला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, बुजवायचं काम थांबवते, जागा बघायला येते. मग जुना कागद पुढं ओढून म्हणाल्या, "पण ही जुनी नोंद रद्द करायची तर ती चुकली कशी ते लिहायला लागेल. उर्दूत सही आहे, ही कोणाची?" मी सांगितलं, आमच्या खात्यातल्या नहरवाल्यांची, पुढं थोड्याच दिवसांत रिटायर झाले. त्या म्हणाल्या, "रिटायरमेंटला आलेले होते म्हणजे. डोळ्यांना कमी दिसत असेल?"

आणि मी मान हलवली, चाचा. त्यांनी शेजारच्या क्लार्कला सांगितलं, दृष्टिदोषामुळे, असं लिहा. त्यानं टाइप केलं. तुमची नात माझ्या मागच्या खुर्चीवर होती. फाटकाशी रिक्षाला हात करताना एवढंच म्हणाली, "अम्मी बोलती थी, दादा आखिर तक सुई में धागा खुद डालते थे." रागानं नाही. सहज बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

रात्रभर स्वतःला समजावत होते की खरं सांगितलं तर रस्ता काढणाऱ्यांचा वकील म्हणेल, जी एकदा खोटं लिहिते तिच्या दुसऱ्या तपासणीवर काय विश्वास ठेवायचा, आणि सगळं खोऱ्यातल्या लोकांच्या अंगावर येईल. सकाळी उठले तेव्हा कळलं की हे काही खरं नाही. यावेळी कागद माझ्या डोळ्यांवर उभाच नाही. चार घरांनी बघितलंय. मला खोटी ठरवली तरी फोलपटं आलीच होती. वकील माझं काय करायचं ते करो, पेन्शनवाले काय चौकशी लावायची ती लावोत.

अर्ज लिहून तयार आहे. उद्या कार्यालय उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहणार आहे, आणि तुमच्या नातीला सोबत घेऊन, म्हणजे पाय मागे घ्यायला जागा राहणार नाही. लिहिलंय ते वाचून दाखवते: "जुनी नोंद माझ्या हातची असून ती खोटी आहे. सही करणाऱ्या गृहस्थांची दृष्टी शेवटपर्यंत उत्तम होती. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. पाणी येण्याच्या वेळी मी जागेवर नव्हते. कालच्या सुनावणीत मी मान हलवली तीही चूक होती." खाली माझं पूर्ण नाव, सही, पत्ता. अर्जाला आवक क्रमांक मिळेल. या पत्राला कुठला मिळणार? ते इथंच राहील, वहीत.

अर्जात एकच गोष्ट घातलेली नाही. मान हलवली तेव्हा मला क्षणभर फार बरं वाटलं होतं, चाचा.